मी, धाकटीच्या पाठीतले टोक

मित्रांनो, मी एक जुने टोक आहे.

कशाचे, ते लगेच सांगते. तुम्ही छत्रीची गोष्ट ऐकली असेल, फाटक्या दप्तराची ऐकली असेल, थकलेल्या बसचीही ऐकली असेल. त्या सगळ्या अख्ख्या वस्तू. मी एका सुरीचे टोक आहे, तुमच्या करंगळीएवढे. मूठ माझ्याजवळ नाही. पात्याचा मोठा भागही नाही. म्हणून माझी गोष्ट मध्येच तुटली तर रागावू नका. मीच तशी आहे.

आणखी एक. ही गोष्ट रक्ताची आहे. ज्यांना रक्त पाहून भोवळ येते त्यांनी शेजारी कुणाला तरी बसवून ती वाचावी.

*

एका कारखान्यात पोलादाची लांब पट्टी होती. यंत्राने तिच्यावर दणका मारला आणि आमची सुरी जन्माला आली. जन्मतःच मार खाल्ला म्हणा ना. मग आगीत घातले, तेलात बुडवले, फिरत्या दगडावर घासले. सुरीचा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात लवचीक भाग मी. माशाच्या काट्याला बिलगून सरकायचे, मांस सोडवायचे आणि काटा मागे ठेवायचा, हे माझे काम. त्यासाठी वाकता यावे लागते. मी छान वाकत असे.

आम्ही मासळी कापायच्या शेडमध्ये आलो. बंदराच्या धक्क्याला लागून पत्र्याचे लांब छप्पर, खाली ओली फरशी, मधोमध पोलादी टेबल. टेबलावरून सतत पाणी वाहायचे. दोन्ही बाजूंना गमबूट आणि रबरी एप्रन घातलेल्या बायका उभ्या असायच्या. ज्या बाईने मला घेतले तिला शेडमध्ये सगळे थोरली म्हणत, कारण घरातही ती थोरली सून होती. ती टेबलाच्या पहिल्या जागेवर उभी राहायची. तिथे दिवा डोक्यावर येई आणि पाणी सगळ्यात आधी मिळे. शेजारची आतडी आपल्यापुढे वाहत येत नसत. पहिली जागा म्हणजे मानाची जागा.

थोरली मला रोज दगडावर पाजवायची. "हिची सुरी लोण्यातून गेल्यासारखी जाते," असे मुकादम म्हणायचा. मला तेव्हा फार बरे वाटे. स्तुती कुणाला नको असते?

त्या शेडचा एक कडक नियम होता. कामाची पाळी संपली की प्रत्येकीने दाराशी आपली सुरी मुकादमाला दाखवायची. एखादीचे टोक मोडलेले असले तर दोन्ही तुकडे टेबलावर जुळवून दाखवायचे. तुकडा सापडला नाही तर त्या दिवसाचा सगळा माल अडवायचा, एकेक खोके उघडायचे आणि तरीही सापडला नाही तर सगळा माल फेकायचा. लोखंडाचा तुकडा कुणाच्या घशात गेला तर? नियम चांगला होता. पण बायकांना त्याची वाघासारखी भीती वाटायची. एकीच्या सुरीसाठी सगळ्यांची मेहनत कचऱ्यात जाई, आणि मग त्या एकीला शेडमध्ये तोंड दाखवायला जागा उरत नसे.

*

मग घरात धाकटी सून आली. धाकटीला माशाचे पोट कुठे आणि पाठ कुठे हेही कळत नव्हते. थोरलीने तिला शेडमध्ये आणले, आपल्या शेजारी उभे केले, तिच्या हातावर हात ठेवून शिकवले. पुष्कळदा तिच्या बोटांखाली मीच असे. "घाई करू नकोस. काटा तुला स्वतः वाट दाखवतो," थोरली म्हणायची. "हो जाऊबाई," धाकटी म्हणायची.

धाकटी शिकली. थोरलीपेक्षा जास्त शिकली. इथेच घोडे पेंड खाऊ लागले.

एके दिवशी सकाळी मुकादम म्हणाला, "आजपासून पहिल्या जागेवर धाकटी उभी राहील. तुम्ही जरा मागे सरका बाई."

"का?" थोरलीने विचारले.

"हात मंदावलाय तुमचा. बाळंतपणापासून बघतोय मी."

धाकटी खाली बघत म्हणाली, "मी काही जागा मागितली नव्हती, जाऊबाई."

"नाही ना मागितली? मग नको म्हण की. म्हण आत्ता, सगळ्यांसमोर."

धाकटीने आपली सुरी उचलली आणि पहिल्या जागेवर नेऊन ठेवली.

"बघा गं!" थोरली सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशी बोलली. "हाताला धरून शिकवली, आणि आता माझ्याच डोक्यावर मिरे वाटतेय!"

"शिकवलंत ते खरं," धाकटी म्हणाली. "पण ते रोज उठून इतकं ऐकवलंत, की आता शिकवलेलं विसरेन पण ऐकवलेलं नाही."

टेबलावरच्या बायका हसल्या. मित्रांनो, धाकटीच्या बोलण्याने आग लागली नाही, त्या हसण्याने लागली.

थोरलीने समोरचा मासा शेपटीला धरून धाकटीच्या तोंडावर हाणला. खवले तिच्या गालाला चिकटले. धाकटीने बर्फाचा ढीग दोन्ही हातांनी उचलून थोरलीच्या डोळ्यांत मारला. मग केस. मग नखे. कुणी थोरलीची बाजू घेतली, कुणी धाकटीची, आणि पाहता पाहता सगळे टेबल एकमेकींवर तुटून पडले. क्रेट उलटले. फरशीवर आतडी, पाणी आणि बर्फ यांचा चिखल झाला, कुणाचे पाऊल ठरेना. कुणाचे नाक फुटले. कुणाचा दात पाण्याबरोबर वाहत टेबलाच्या शेवटापर्यंत गेला. धाकटीने थोरलीची मान पकडली आणि तिचे तोंड पाण्याच्या पन्हळीत दाबले. "मंदावलाय ना हात? मग सोडव की स्वतःला!" ती ओरडली. "तुझ्या या जागेसाठी मी मरत नव्हते. पण आता घेणार. आता मुद्दाम घेणार!" आजवर ती थोरलीला 'तुम्ही' म्हणत आली होती.

थोरली उसळून वर आली तेव्हा तिच्या हातात मी होते.

चुकून लागली असे मी सांगू शकले असते. ते खरे नाही. तिने मूठ उलटी धरली, हात वर नेला, धाकटीच्या पाठीवर नेम धरला आणि मला खाली आणले. नेमका त्याच क्षणी धाकटीचा पाय घसरला. ती पालथी पडता पडता कुशीवर वळली आणि पाठीवर काटेरी माशांच्या क्रेटमध्ये कोसळली. मी तिच्याबरोबर गेले. आधी एप्रनचा रबरी पट्टा. मग कापड. मग कातडी. मग हाड. हाडावर मी वाकले. मी वाकण्यात पटाईत. पण त्या हाताला परत फिरायची घाई होती, आणि त्याने मूठ अशी काही पिरगळली की

*

मी आत राहिले.

आत अंधार होता. गरम होते. एक मोठा ढोल सारखा वाजत होता. माझ्यामागे पाते नव्हते, मूठ नव्हती, हात नव्हता.

धाकटीला फक्त धपका बसल्यासारखे वाटले. ती लगेच उठली. क्रेटची फळी घेऊन ती पुन्हा थोरलीच्या अंगावर धावली, शिव्या देत, दोन्ही पायांवर. मुकादमाने दोघींवर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या तेव्हा कुठे भांडण थांबले.

थोरलीने काय पाहिले? सुरी कशावर तरी कडकन आदळली, टोक मोडले, आणि जिला मारायला गेली ती बाई धडधाकट उभी राहून तिला शिव्या देते आहे. क्रेटच्या लोखंडी कडेवर सुरी बसली असणार, असे तिला वाटले. म्हणजे टोक उडून मासळीत पडले असणार. आणि दाराशी सुरी दाखवायची होती.

तिने तिथेच एक गोष्ट केली. गोंधळात कुणाचे लक्ष नाही असे पाहून ती कोपऱ्यातल्या फिरत्या दगडाकडे गेली आणि मोडलेल्या पात्याला घासून घासून नवे टोक काढले. रोज पाजवून सुऱ्या झिजतातच, आखूड होतातच. मुकादमाने पाहिले, मान डोलावली. माल बाहेर गेला. हे सगळे मी फार उशिरा, तिच्याच तोंडून ऐकले.

इकडे धाकटीचा एप्रन काढला. पाठीत खांद्याच्या पात्याशी एक अरुंद, खोल भोक. "काटा लागलाय," एक बाई म्हणाली. "त्याच क्रेटमध्ये पडली ना ती." सगळ्यांना पटले. त्या माशांच्या पाठीवर सुईसारखा ताठ काटा असतो. तो शेडमध्ये प्रत्येकीला कधी ना कधी लागलेला होता, आणि त्यावरचा उपाय ठरलेला होता. गरम पाण्याने शेकायचे, दाबून रक्त काढायचे, पट्टी बांधायची. काट्याच्या जखमेत कुणी काही शोधत नसे. आत मोडून राहिला तरी तो पिकतो आणि आपोआप बाहेर येतो, असा सगळ्यांचा अनुभव होता.

काटा येतो, मित्रांनो. मी येणारी नव्हते.

*

शरीराला परकी वस्तू आवडत नाही. पहिले काही दिवस त्याने माझ्याशी युद्ध केले. ताप पाठवला, पू पाठवला, माझ्याभोवती सगळे लालभडक करून टाकले. मी काय करणार? ना मागे जाता येई, ना विरघळता येई. शेवटी शरीर दमले आणि त्याने माझ्याभोवती एक जाड पांढरी पिशवी विणली. जणू म्हणाले, राहा बाई, पण हलू नकोस. मी हलले नसते. पण मी खांद्याच्या पात्याखाली होते, आणि धाकटीने हात वर नेला की ते पाते माझ्यावर सरकायचे. मग मी टोचायचे. तिला टोचायचे माझ्या मनात नव्हते, पण टोक दुसरे काय करणार?

धाकटीचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला.

इथून पुढची कितीतरी वर्षे मी काही पाहिले नाही. फक्त हाडांतून ऐकले. त्यामुळे तुकडे तुकडेच सांगते.

सासूचा आवाज: "जेवताना बरा चालतो गं हात! तोंड काय खांद्याच्या खाली आहे?"

धाकटीच्या नवऱ्याचा आवाज: "जाऊ की डॉक्टरकडे. पण आधी एकदा खरं सांग, दुखतंय का कामाचा कंटाळा आलाय?"

मुकादमाचा आवाज: "वरच्या फळीवरचं खोकं काढता येत नाही तर पहिल्या जागेवर उभं राहून काय करणार? जा, क्रेट धुवायला बस."

शेडमधल्या बायकांचा आवाज, हसत: "आल्या एकपंखी राणीसाहेब! उडायचं असेल तर सांगा हो, ढकलून देऊ."

थोरलीचा आवाज, सगळ्यांत मोठा: "सोंग आहे नुसतं! मी हिला पहिल्या दिवसापासून ओळखते."

थोरली पुन्हा पहिल्या जागेवर उभी राहू लागली होती.

*

एकदा घरात हाडवैद्याला बोलावले. त्याने धाकटीचा खांदा चाचपला. त्याची बोटे माझ्या अगदी डोक्यावरून गेली. मी श्वास रोखून धरला असता, पण श्वास माझा नव्हता.

"सांधा उतरलाय," तो म्हणाला. "हिला धरा घट्ट. कितीही ओरडली तरी सोडायचं नाही."

सासूने पाय धरले. थोरलीने समोरून दोन्ही खांदे धरले. हाडवैद्याने धाकटीच्या पाठीत गुडघा रोवला, तिचे मनगट दोन्ही हातांत घेतले आणि सगळ्या ताकदीने मागे आणि वर ओढले. पांढरी पिशवी टरकन फाटली. मी दोन फासळ्यांच्या मध्ये अर्धी घुसले. धाकटीने तोंडात कोंबलेला बोळा चावून त्याच्या चिंध्या केल्या, आणि बोळा संपल्यावर थोरलीच्या दंडाला कडकडून चावली. थोरलीने तिला सोडले नाही.

"बसला!" हाडवैद्य म्हणाला. "उचल आता हात."

हात उचलेना.

"मग हिच्या मनातच नाही," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

त्या दिवसानंतर घरात वाद उरला नाही. जाणत्या माणसानेच सांगितले होते. धाकटीही वाद घालीनाशी झाली. मोरीत एकटी असताना ती हळूहळू हात वर नेऊन पाहायची. मी टोचले की थांबायची. मग स्वतःशीच पुटपुटायची, "का करतेस गं असं? का सोंग करतेस?"

ते ऐकून मला ओरडावेसे वाटे. मी आहे! इथे आहे! तू खोटी नाहीस! पण आम्हा वस्तूंना आवाज गोष्टीतच असतो.

*

आता थोरलीचे ऐका.

शेडमधली ती सगळ्यात तयार बाई, पण घरात मासळी शिजली की ती जेवायला बसत नसे. आधी प्रत्येक मुलाच्या ताटातला मासा ती बोटांनी कुस्करायची. काटे काढायला नाही. ते तर ती डोळे मिटून काढायची. ती दुसरेच काहीतरी शोधायची. "आई, त्याचा लगदा झाला!" मुले ओरडायची. "लगदाच खा," ती म्हणायची. स्वतः तिने मासा तोंडाला लावणे सोडले होते. कुठे कुणाचे मूल घास अडकून गेले असे कानावर आले की तिला थंडी वाजून यायची. कधीचे, किती वर्षांचे, कुठले, काय खाल्ले होते, असे ती सांगणाऱ्याला खोदखोदून विचारायची.

मी तिच्या सुरीतून नाहीशी झाले तेव्हा तिची मुलगी रांगत होती. ती मुलगी आईच्या खांद्याला लागली तरी थोरली मला शोधतच होती. जगातल्या प्रत्येक घशाची तिला काळजी होती. रोज तिच्या शेजारी, तिच्याच भांड्यांत, एक बाई डाव्या हाताने पाणी भरत होती, तिच्या पाठीची मात्र नव्हती.

*

शेवटी रक्तानेच तोंड उघडले.

धाकटी शेडमध्ये क्रेट धूत होती. तिने एक भरलेले क्रेट डाव्या हाताने ओढले, ते अडकले, तिने हिसका दिला. मी फासळीच्या फटीतून पलीकडे गेले. तिथे काहीतरी मऊ होते, हवेने भरलेले, वरखाली होणारे. मी त्यात शिरले.

ती खोकली. पाण्यात लाल रंग पसरला. शेडमध्ये पाणी लालच असते, कुणी वळूनही पाहिले नाही. ती पुन्हा खोकली. या वेळी ओंजळभर. मग ती क्रेटवर कोसळली, आणि पहिल्यांदा कुणीतरी "सोंग" म्हटले नाही.

रुग्णालयात तिच्या छातीचे चित्र काढले. डॉक्टरीणबाई ते उजेडावर धरून म्हणाल्या, "यांच्या गळ्यातलं काढलं नाही का? मागे पाठीवर आलंय बघा."

"काढलंय बाई, हे काय माझ्या हातात," सासू म्हणाली.

पुन्हा चित्र काढले. मी पुन्हा तिथेच. काळ्या चित्रात पांढरीशुभ्र, टोकदार. कुणी मला पाहते आहे हे कितीतरी वर्षांनी घडत होते.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"काटा लागला होता एकदा," धाकटी म्हणाली. बोलताना तिच्या ओठांतून रक्त येत होते.

"हा काटा नाही. हे पोलाद आहे."

मग टेबल, दिवे, आणि पाती. माझ्याच जातीची, पण कितीतरी स्वच्छ. त्यांनी धाकटीची पाठ उभी चिरली. एका चिमट्यासारख्या यंत्राने फासळ्या फाकवल्या. एक फासळी कटकन मोडल्याचा आवाज मी ऐकला. "रक्त थांबत नाहीये," कुणी ओरडले. "आणखी रक्त आणा." माझ्याभोवती रक्ताचे तळे चढत गेले. मी जिथे रुतले होते तिथे बुचासारखी बसले होते, आणि मला काढले की भोक उघडे पडणार होते. डॉक्टरीणबाईंनी एक बोट आत घातले, मला शेजारी दाबून धरले आणि म्हणाल्या, "चल, ये बाहेर."

मी बाहेर आले. ढोल मात्र वाजत राहिला. धाकटी जगली.

*

मला धुऊन एका बाटलीत घातले. मी काळी पडले होते, कडा खाल्ल्या गेल्या होत्या. बाटली धाकटीच्या खाटेशेजारच्या कपाटावर ठेवली, कारण पोलीस येऊन बघणार होते. "भांडणात सगळ्यांच्याच हातात सुऱ्या होत्या," एवढेच धाकटी सांगू शकली. पण तिला त्याचे काही पडले नव्हते. तिचे सगळे लक्ष हाताकडे होते.

रोज सिस्टर तिला भिंतीशी उभे करायची. बोटांनी भिंत चढायची, कोळ्यासारखी. बोटे कमरेपासून निघत, छातीपर्यंत येत, खांद्यापर्यंत येत आणि थांबत.

"आता आत काही नाही," सिस्टर म्हणायची. "चढा."

बोटे चढेनात. मी बाटलीतून बघत होते. तिथे कुणी टोचत नव्हते. मी तर इथे होते!

"काढलं ना ते?" सासू म्हणाली. "मग आता काय अडलंय बाई?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्नायूंची सवय गेलीय आजी. आणि थोडी मनातली भीती आहे. ती जाईल."

त्यांनी चांगल्यासाठीच सांगितले. पण त्या गेल्यावर धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "मनातलं," ती म्हणाली. "म्हणजे तेच खरं. ते होतं तेव्हाही मनातलंच, आणि नाही तेव्हाही." मग तिने व्यायाम सोडून दिला. सिस्टर आली की ती डोळे मिटून पडायची. मित्रांनो, माझ्या टोचण्याने तिचा हात गेला होता. पण आता त्या हातावरचा तिचा विश्वासच जाऊ लागला होता, आणि तो कुणाला चिमट्याने काढून परत बसवता आला नसता.

*

थोरली इतके दिवस रुग्णालयात आली नव्हती. घरची सगळी मुले तीच सांभाळत होती. एका दुपारी ती डबा घेऊन आली. सासू खिडकीशी बसली होती.

थोरलीने डबा ठेवायला कपाटावर जागा केली. बाटली बाजूला सरकवली. मग थांबली. बाटली उचलून डोळ्यांजवळ नेली.

ज्या वस्तूचा इतकी वर्षे विचार केला, ती माणूस कशी ओळखणार नाही?

"हे कुठलं?" तिने विचारले.

"हिच्या पाठीतलं," सासू म्हणाली. "तेच ते लोखंड."

थोरली मटकन खाली बसली. तिने बाटली छातीशी धरली आणि ती रडू लागली. रडता रडता हसू लागली. "नाही गेलं," ती म्हणाली. "कुणाच्या घशात नाही गेलं! कुठल्याच पोराच्या घशात नाही गेलं! देवा, सुटले मी, सुटले!"

धाकटी खाटेवर उठून बसली. "काय म्हणालात?"

मग सगळे बाहेर आले. दगडावर घासलेले पाते, दाराशी दाखवलेली सुरी, कुस्करलेले मासे.

"आणि मारली कुणी?" धाकटीने विचारले.

"मी. नेम धरून मारली. लागलीच नाही असं वाटलं. तू उभी होतीस, शिव्या देत होतीस..."

"आणि हाडवैद्यापुढे मला धरून ठेवलीस."

"मला काय ठाऊक, तुझ्या पाठीत..."

"मी सांगत होते की! रोज सांगत होते! तुझ्या शेजारी उभी राहून सांगत होते!" धाकटीचा आवाज फाटला. "आणि आता तुला आनंद झाला? कुणाच्या घशात नाही गेलं म्हणून? मी कुणीच नाही?"

खाडकन आवाज झाला. थोरलीचे डोके कपाटावर आपटले, डबा उलटला, बाटलीत मी या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळले. थोरलीचा ओठ फुटला आणि हनुवटीवर रक्ताची धार लागली. सिस्टर धावत आली.

थोरली गाल धरून उठली. तिचे डोळे मोठे झाले होते. "सिस्टर!" ती ओरडली. "हात वर गेला हिचा! उजवा! कानाच्या वर गेला, मी पाहिला येताना!"

"खोटं," धाकटी म्हणाली. ती आपल्या हाताकडे बघत होती.

"खोटं नाही. परत मार."

"जाऊबाई..."

"मार म्हणते ना! पण वर घेऊन मार."

धाकटीने मारली. दुसरी पहिलीपेक्षा उंचावरून आली. सिस्टर मध्ये पडायला निघाली होती, पण ती जागच्या जागी थांबली.

तिसऱ्यांदा हात वर गेला. डोक्याच्या वर, सरळ. आणि खाली आला नाही. थोरली गाल पुढे करून, डोळे मिटून उभी होती. धाकटी तिच्याकडे बघतही नव्हती. ती मान मागे टाकून आपल्याच पाच बोटांकडे बघत होती. हात दुखत होता, टाके ओढत होते. तरी तिने तो खाली घेतला नाही, आणि कुणी घे म्हणाले नाही.

*

पुढे पोलिसांना कुणी काय सांगितले, धाकटीने थोरलीला माफ केले की नाही, ते मला ठाऊक नाही. नंतर मला डॉक्टरीणबाईंच्या खोलीतल्या कपाटात ठेवले. इथे आम्ही पुष्कळ जण आहोत. एका माणसाच्या गालात कित्येक वर्षे राहिलेली काच आहे. त्याला दातदुखी आहे असे सगळे म्हणत. एका मुलीच्या श्वासनळीतली खेळण्यातली शिट्टी आहे; तिला सगळे दमेकरी म्हणत, आणि तिच्या श्वासात वाजणारा सूर कुणी नीट ऐकलाच नाही. आम्ही एकमेकांना आपापली गोष्ट सांगतो तेव्हा एक गोष्ट सगळ्यांत सारखी निघते. आम्ही लपून बसलो नव्हतो. ज्यांच्या अंगात होतो ती माणसे आमच्याबद्दल रोज बोलत होती.

मित्रांनो, सुऱ्यांना जपा असे मी सांगणार नाही. सुऱ्या स्वतःला जपतात. उद्या तुमच्या शेजारचे कुणी म्हणाले की दुखते आहे, तर ते खरे की खोटे हे मागाहून ठरवा. आधी विचारा, "कुठे?" आणि ते जिथे बोट ठेवतील तिथे नीट पाहा.